बाबांचं सेवापुस्तक आणि लॅप्स झालेली रजा

सातारकर७९ | सोमवार, रात्री ११:४०

गेल्या महिन्यात साताऱ्याला गेलो होतो तेव्हा बाबांची पत्र्याची ट्रंक उघडली. बाबा जाऊन सव्वा वर्ष झालं, आई मागे लागली होती की वर्षश्राद्ध झालं आता तरी ते कागद बघ, काय ठेवायचं काय टाकायचं ते ठरव, मला उंदरांचा वास येतोय. तर त्यात लाईट बिलं, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, माझी चौथीची प्रगतिपुस्तकं आणि सगळ्यात खाली बाबांच्या सेवापुस्तकाची दुय्यम प्रत. बाबा महसुलात होते, १९७६ ला लागले, २०१२ च्या मे महिन्यात अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले.

मी सहज चाळत होतो, वेतननिश्चिती वगैरे डोक्यावरून गेलं, पण मागे रजेचा हिशेब आहे ना, तिथे अडकलो. १९७९ मे, १२ दिवस. म्हणजे मी झालो तेव्हा. १९८३, ८ दिवस, धाकटी बहीण झाली. (चार दिवस कमी का ते तिला अजून सांगितलेलं नाही.) १९९१, ४ दिवस, कारण 'घरगुती'. हे घरगुती म्हणजे आज्जी गेली ते. १९९४, २१ दिवस, आईचं ऑपरेशन. असं करत करत अख्खं घर त्या रकान्यांत बसलेलं. एक नोंद मात्र मला लागलीच नाही, १९८६ चे ३ दिवस, आईलाही आठवेना. ती म्हणाली कुठंतरी लग्नाला गेले असतील एकटेच.

आणि मग २००३ पासून पुढे काहीच नाही. नुसतं दर सहा महिन्यांनी पंधरा दिवस जमा, शिल्लक ३००, परत पंधरा जमा, परत शिल्लक ३००. आधी मला कळेना की ३१५ का होत नाहीत. मग ट्यूब पेटली, ३०० च्या वर साठतच नाही, वरची रजा व्यपगत. ३०० दिवसांचे रिटायर होताना पैसे मिळतात हे माहीत होतं, त्यासाठी साठवत होते हे पण घरात सगळ्यांना माहीत होतं. पण २००३ ते २०१२, नऊ वर्षं, वर्षाला तीस दिवस, ह्या रजेचा एक रुपया मिळणार नव्हता, ती घेतली असती तरी ३०० ला धक्का नव्हता, तरी माणसाने एक दिवस घेतला नाही. २७० दिवस. मी ट्रंकेपाशी फरशीवर बसून बोटं मोजली चक्क.

निवृत्तीनंतर चौदा महिन्यांनी बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. 'बरंय' एवढा एकच शब्द राहिला. जेवलात का, बरंय. दुखतंय का, बरंय. असे दहा-अकरा वर्षं काढले.

आता ह्यात मी बाबांना नावं ठेवतोय असं वाटेल तर पुढचं पण सांगतो. त्या ३०० दिवसांचे जे पैसे आले ते सगळे माझ्या पुण्यातल्या फ्लॅटच्या बुकिंगला गेले. आत्ता ज्या हॉलमध्ये बसून टाईप करतोय तो हॉल त्या रजेचा आहे. त्यामुळे मला तोंड नाही.

साताऱ्यात आम्ही १९८८ पासून आहोत. कास आमच्या घरापासून पंचवीस किलोमीटर. जगातून लोक येतात फुलं बघायला, २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि माझी आई सदतीस वर्षांत एकदाही गेलेली नाही. 'जाऊ की, कुठं पळून चाललंय' हे आमच्याकडचं वाक्य. आता आई ६९ ची, दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच ऑपरेशन सांगितलंय, ती म्हणते आता किती दिवस राहिलेत त्यासाठी लाखो रुपये घालायचे.

आणि परवा आमच्या एचआरची मेल आली. ४५ च्या वरची लीव्ह ३१ डिसेंबरला लॅप्स होईल, कृपया प्लॅन करा. माझी ५६ आहे. गेल्या वर्षी ९ लॅप्स झाली होती, त्याच्या आदल्या वर्षी किती ते बघायचं धाडस केलं नाही.

तर विचारायचं एवढंच की तुम्ही रजा घेता का आणि कशासाठी घेता. आजारपण, लग्न, मयत सोडून.

---

पोवईनाका | सोमवार, रात्री ११:५८

भाऊ काटा आला वाचताना, मी पण शासकीय सेवेतच आहे. नियम बरोबर सांगितलाय, १ जानेवारी आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवस आगाऊ जमा होतात, कमाल संचय ३००, आधी २४० होता. पण एक बाजू तुम्हाला माहीत नसेल, रजा मागितली आणि मिळाली असं नसतं. निवडणूक, जनगणना, मार्चएंड, अधिवेशन, टंचाई, पूर, काही ना काही असतंच. महसुलात तर विचारूच नका. 'प्रशासकीय कारणास्तव नामंजूर' हा शेरा मी स्वतः सात वेळा खाल्लाय. आणि तेव्हा शनिवार पण पूर्ण भरायचे, फक्त दुसरा-चौथा सुट्टी, पाच दिवसांचा आठवडा २०२० च्या फेब्रुवारीअखेर आला. तुमच्या वडिलांना तो बघायला मिळाला नाही.

---

खवचटराव | मंगळवार, सकाळी ७:१५

आता कोणीतरी येऊन ज्ञानेश्वर २१ व्या वर्षी गेले असं सांगणार, मग कोणीतरी मनाचे श्लोक चिकटवणार, मग ध्यानाच्या ॲपची जाहिरात. मी चहा घेऊन बसलोय.

---

एजंटकाका | मंगळवार, सकाळी ९:३०

खवचटराव, मी आकडे चिकटवतो, चालेल ना? तीस वर्षं विमा विकतोय त्यामुळे हा विषय रोजचा आहे.

लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. भारताचं सरासरी आयुर्मान ७० च्या आसपास आहे हे पेपरात वाचतात आणि ६९ चा माणूस समजतो आपलं एक वर्ष राहिलं. तसं नसतं हो. तो ७० चा आकडा जन्मणाऱ्या बाळाचा आहे, त्यात लहानपणी जाणारी, ॲक्सिडेंटवाली सगळी धरलेली असतात. स्वातंत्र्याच्या सुमाराला हा आकडा ३२ होता, म्हणजे काय तेव्हा सगळे बत्तिशीत मरत होते का? नाही, बाळं जायची. जो साठीला पोचला त्याला आपल्याकडे सरासरी अजून अठराएक वर्षं असतात, सत्तरीला पोचला त्याला अजून अकरा-बारा. सरासरी बरं का, काही पुढे काही मागे.

तेव्हा धागाकर्ते, आईसाहेबांना सांगा 'किती दिवस राहिलेत' याचं उत्तर एक डझन वर्षं धरून चाला असं आहे. बारा वर्षं खुर्चीत बसून काढायची की चालत, हा हिशेब करा म्हणावं. मी आजवर एकही गिऱ्हाईक असं बघितलं नाही ज्याने हा हिशेब बरोबर केला. चाळिशीतले समजतात आपल्याकडे भरपूर आहे आणि सत्तरीतले समजतात संपलंच. दोघंही चुकतात आणि दोघंही पॉलिसी घेत नाहीत.

---

म्हशीवाला | मंगळवार, दुपारी १:०५

तुमचं सगळं वाचलं. राग मानू नका पण हे सगळं पगारी लोकांचं दुखणं हाय. रजा साठली, रजा लॅप्स झाली. आमच्याकडं रजा हा शब्दच न्हाई. माझ्याकडं नऊ म्हशी आहेत, सकाळी साडेचारला उठायचं, धार काढायची, साडेसहाच्या आत डेअरीला घालायचं, परत संध्याकाळी तेच. म्हशीला रविवार कळत न्हाई, दिवाळी कळत न्हाई आणि मयतपण कळत न्हाई. माझा बा गेला त्या दिवशी सुद्धा आधी धारा काढल्या मग लोकांना फोन केले. खोटं न्हाई सांगत.

आणि दुसरा माणूस लावावा म्हटलं तर म्हस वळकते हात. परक्यानं धार काढाय घेतली की पान्हा सोडत न्हाई. तवा वेळेची किंमत वगैरे आम्हाला शिकवू नका, आमची वेळ लिटरवर मोजली जाते.

---

सातारकर७९ | मंगळवार, दुपारी ४:२०

@म्हशीवाला राग कसला, बरोबर बोलताय. मी लिहिताना हा विचार केलाच नव्हता. माझे चुलते गावी शेती करतात, ते पुण्याला माझ्या घरी आजवर एकदाच मुक्कामाला आलेत आणि त्या रात्री सुद्धा दोनदा फोन करून बैलांना पाणी पाजलं का विचारत होते.

@एजंटकाका हे मला खरंच माहीत नव्हतं. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, त्यांना सांग मला पॉलिसी नको.

@पोवईनाका नामंजूरचा एकही कागद ट्रंकेत नाहीये. बाबा कागद टाकणारे नव्हते, १९८१ ची सायकलच्या पंक्चरची पावती पण आहे. मला वाटतं त्यांनी कधी मागितलीच नाही.

---

एक्सेलवीर | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

मी या विषयावर काम केलंय. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किमी, दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत जाऊन-येऊन रोज तीन तास, वर्षाचे २८० दिवस म्हणजे ८४० तास म्हणजे अख्खे ३५ दिवस-रात्र. सतरा वर्षांचे ५९५ दिवस. दीड वर्षापेक्षा जास्त मी लोकलमध्ये उभा आहे, त्यातलं बसून किती ते वेगळं काढलंय, फार नाही. मग मी शीट केली, झोप, आंघोळ, ट्रेन, ऑफिस, मोबाईल सगळं वजा करून आयुष्यातले 'माझे' तास किती उरतात. हिरव्या रंगात. लिंक हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बायकोला दाखवली. तिने नीट खालपर्यंत स्क्रोल केलं आणि म्हणाली ह्यात भाजी निवडणं, पोराचा अभ्यास आणि तुझ्या आईची औषधं ह्याचा कॉलम कुठाय? नाहीये ना, म्हणून तुझे इतके हिरवे दिसतायत.

शीट सध्या अपडेट करायचं काम चालू आहे.

---

खवचटराव | मंगळवार, संध्याकाळी ६:५२

ह्या धाग्याचा हिरो मिळाला. वहिनींना साष्टांग.

---

जर्सीकर | मंगळवार, रात्री ९:१०

आमचं गणित थोडक्यात. दोन वर्षांतून एकदा येणं होतं, तीन आठवडे. त्यातले तीन दिवस जेटलॅग, चार दिवस बँकेची केवायसी आणि आधारला मोबाईल लिंक, दोन दिवस दाताचं, पाच दिवस बायकोचं माहेर (योग्यच आहे, तिचेही आईवडील आहेत), एक दिवस लग्न ज्यात कोणीच ओळखीचं नसतं. मागच्या खेपेला निघताना आई म्हणाली, तू आलास की तुझी कामंच येतात रे, तू कुठे येतोस. तेव्हा हसलो. विमानात बसल्यावर नाही हसू आलं. यंदा केवायसी सगळी ऑनलाईन उरकायचा निश्चय केला होता, ओटीपी भारतातल्या नंबरवर जातो आणि तो नंबर बंद पडलाय.

---

लेखाशाखा | मंगळवार, रात्री १०:३०

सगळ्यांनी धागाकर्त्याच्या वडिलांबद्दल हळहळ व्यक्त केली, मी जरा वेगळं बोलते. २७० दिवस वाया गेले हे कोणी ठरवलं? मी ५६ वर्षांची आहे, दोन वर्षांत रिटायर होणार, माझी पण ३०० कधीच भरलीये आणि मीही घेत नाही. का? कारण मला ऑफिस आवडतं. घरी मी कोणाची तरी सून, सासू, आई असते, तिथे टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे. डबा खाताना आम्ही चौघी जे हसतो ते मी घरी वर्षभरात हसत नाही. मला कोणी सक्तीने कासला पाठवलं तर मी तिथे बसून फायलींचाच विचार करीन.

आपल्या पिढीला असं वाटतं की फिरायला गेलं, फोटो काढला म्हणजे वेळ सार्थकी लागला, आणि टेबलाशी बसलेला माणूस म्हणजे बिचारा. तुमचे वडील बिचारे होते का, हे त्यांच्याबरोबर काम केलेल्या कोणाला तरी विचारा.

---

सातारकर७९ | बुधवार, रात्री १२:१५

@लेखाशाखा तुमच्या प्रतिसादाने झोप उडवली. विचारायची गरज नाही, कारण मला आधीच सांगितलं गेलंय आणि मी ते सोयीस्कर विसरलो होतो.

बाबांच्या तेराव्याला त्यांच्या ऑफिसचे एक रिटायर्ड शिपाई आले होते, कोरेगावकडच्या एका गावातून एसटीने. जेवले नाहीत, पानात फक्त गोडाचं घेतलं. ते सांगत होते की दुपारच्या सुट्टीत साहेब (बाबा साहेब नव्हते, पण ते साहेबच म्हणायचे) व्हरांड्यात बाकावर बसायचे आणि गावावरून आलेल्या म्हाताऱ्या बायांचे संजय गांधी निराधारचे अर्ज भरून द्यायचे. ते त्यांच्या टेबलाचं काम पण नव्हतं. बाहेर अर्ज लिहून देणारे बसायचे, ते पैसे घेतात म्हणून बाया ह्यांच्याकडे यायच्या. सोमवारी जास्त, कारण बाजाराचा दिवस नसला तरी सोमवारी साहेब नक्की असतात हे माहीत. 'म्हनून ते कधी दांडी मारत न्हवते' असं ते म्हणाले. मी तेव्हा आचाऱ्याचा हिशेब करत होतो, हूं हूं केलं.

आता मला कळत नाहीये की मी कशाबद्दल हळहळतोय. बहुतेक असं आहे की ते जिथे बोलत होते, हसत होते तिथे आम्ही नव्हतो. आम्हाला संध्याकाळी साडेसहाला दमलेले बाबा मिळायचे, आणि शेवटची दहा वर्षं 'बरंय'.

---

रातपाळी | बुधवार, पहाटे ३:५०

ड्यूटीवर आहे, आत्ता जरा शांत आहे म्हणून लिहिते. मी आयसीयूत नर्स आहे, कुठल्या ते सांगत नाही. आमच्याकडे भेटायची वेळ संध्याकाळी ५ ते ६, एका वेळी एक माणूस, पाच-पाच मिनिटं. लोक चार चाळीसपासून दारापाशी उभे असतात. आतमध्ये आले की काय करतात सांगू? नव्वद टक्के लोकांना काय बोलावं तेच कळत नाही. मॉनिटर बघतात. मला विचारतात हा आकडा कशाचा. चादर नीट करतात. एक काका रोज यायचे, बायको व्हेंटिलेटरवर, ते खिशातून दुधाचं कार्ड काढायचे आणि तिला वाचून दाखवायचे, आज एकच लिटर घेतलं, काल शेजाऱ्यांना दिलं, भैय्याने दोन रुपये वाढवलेत. रोज. आमच्यातली एक नवीन मुलगी हसली होती आधी.

मला विचाराल तर पाच मिनिटांत बोलता आलं असा माझ्या बघण्यातला तो एकच माणूस. बाकीचे मॉनिटर.

बेल वाजतीये, जाते.

---

मुलुंडची_कारवी | बुधवार, सकाळी ११:२०

रातपाळीताईंचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. मी या साईटवर वाचकच असते, आज लिहिते कारण धागा फुलांवरून सुरू झालाय आणि माझं नावच तसं आहे.

कारवी माहीत असेल बऱ्याच जणांना, सह्याद्रीत सगळीकडे उतारांवर माजलेली असते, पूर्वी तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती करायचे, अजूनही करतात आदिवासी पाड्यांवर. ही सात वर्षं नुसती हिरवी असते आणि आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळा होतो, मग बी धरते आणि झुडूप मरून जातं. प्रत्येक भागाचं वर्ष वेगळं असतं. आमच्या मुंबईच्या नॅशनल पार्कातली फुलली २००८, २०१६ आणि २०२४.

२००८ ला मी पस्तीस वर्षांची, नवऱ्याला डोंगराचं वेड. मला झोपेतून उठवून येऊरला नेलं होतं, मी रस्ताभर कुरकुर, चप्पल पण चुकीची घातलेली. वर पोचल्यावर मधमाश्यांचा असा काही घूंऽऽ आवाज की मला वाटलं जवळ ट्रान्सफॉर्मर आहे. तो म्हणाला, बघून घे, आता डायरेक्ट सोळाला.

२०१६ ला मुलाची दहावी, माझी बँकेत नवीन ब्रांच, सप्टेंबर गेला, ऑक्टोबर पण गेला. तो एकटा जाऊन येतो म्हणाला होता, मीच म्हटलं थांब रे, एकत्र जाऊ. मग म्हणाला जाऊ दे, चोवीसला जाऊ, तोवर पोरगं सुटेल आपलं. आम्ही खरंच इतक्या सहज बोललो होतो हे, भांडी लावता लावता.

२०२१ च्या एप्रिलमध्ये तो गेला. कोणता एप्रिल ते सगळ्यांना माहीतच आहे.

२०२४ ला मी गेले. मुलाला विचारलं नाही, खालच्या मजल्यावरच्या एका मैत्रिणीला घेऊन गेले, तिला डोंगराची काही आवड नाही, ती पण रस्ताभर कुरकुरत होती आणि ते ऐकून मला बरं वाटत होतं. चप्पल मात्र मी तिला आधीच सांगितली होती.

आता मी ५२ आहे. पुढची २०३२, तेव्हा मी ५९. मग ६७, मग ७५. माझ्याकडे तीन कारव्या आहेत. एजंटकाका म्हणतात तसं पुढे-मागे. वर्षं मोजली की काही वाटत नाही, तीसेक असतील, खूप वाटतात. तीन म्हटलं की मी कॅलेंडरवर आत्ताच खूण करते. २०३२ चं कॅलेंडर फोनमध्ये उघडतं, माहीत आहे का? उघडून सप्टेंबरच्या एका शनिवारवर 'येऊर' लिहून ठेवलंय.

---

पोवईनाका | बुधवार, सकाळी ११:४५

ताई, शब्द नाहीत. 🙏

---

खवचटराव | बुधवार, दुपारी १२:३०

मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. चहा गार झाला.

---

म्हशीवाला | शुक्रवार, रात्री ९:५५

परत आलो. परवाचं जरा जास्तच बोललो तेव्हा सांगायला आलो. माझी पोरगी सातवीत हाय, तालमीत जाते, काल तालुक्याला तिची कुस्ती होती, संध्याकाळी सहाला. सहा म्हणजे नेमकी धारेची वेळ. आजवर तिच्या एकाही कुस्तीला मी गेलेलो न्हाई, तिची आई जाते आणि व्हिडिओ आणते, त्यात निम्मा वेळ पंचाची पाठ दिसती.

ह्या मुलुंडच्या ताईंचं वाचलं आणि भावाला म्हटलं आजच्या दिवस तू काढ. तो म्हणाला म्हशी देणार न्हाईत. म्हटलं न्हाई तर न्हाई. झालं तसंच, दोघींनी पान्हाच सोडला न्हाई, तीन लिटर कमी निघालं. म्हणजे दीड-पावणेदोनशे रुपये गेले.

पोरगी हरली. दुसऱ्याच मिनिटाला चितपट. मातीत बसून माझ्याकडं बघितलं आणि तोंड असं केलं की आता हा काय बोलणार. मी म्हटलं पाय मागं ठेवायचास की. तर म्हणती तुम्हाला काय कळतंय कुस्तीतलं, तुम्ही कधी आलाय का बघायला. येताना दोघांनी भेळ खाल्ली. गाडीवर मागं बसून घरापर्यंत नुसती बोलत होती, कुठला डाव कसा चुकला. बारा किलोमीटर.

आज सकाळी त्या दोघी म्हशींनी माझ्यावर पण राग काढला, पाव लिटर कमीच.

---

एक्सेलवीर | शुक्रवार, रात्री १०:१०

पावणेदोनशे रुपयात बारा किलोमीटर. शीटमध्ये हे कुठे टाकू तेच कळत नाहीये.

---

सातारकर७९ | पुढचा बुधवार, रात्री ११:०५

अपडेट. काल मंगळवारी रजा टाकली. मॅनेजरने विचारलं एव्हरीथिंग ओके? म्हटलं आईला फुलं दाखवायची आहेत. तो दोन सेकंद गप्प झाला आणि मग म्हणाला ओके, लॅपटॉप सोबत ठेव. ठेवला नाही.

आईला सोमवारी रात्री सांगितलं होतं तरी सकाळी सहाला पोळ्या लाटत होती, म्हटलं अगं दोन तासांत परत येऊ, तर म्हणे वाटेत काय मिळतं त्याचा भरवसा नाही. दशम्या, लसणाची चटणी, दही, वर केळी. पंचवीस किलोमीटरसाठी. यवतेश्वरचा घाट चढतानाच धुकं लागलं, ते इतकं की पुढची गाडी दिसेना. आई म्हणाली बघ, म्हणूनच आम्ही येत नव्हतो.

मंगळवार असून गर्दी होती पण शनिवार-रविवारसारखी नाही. गाडी लांब लावावी लागते, तिथून बस. बसची पायरी आईला चढवेना, एका कॉलेजच्या पोराने खालून आणि मी वरून असं करून चढवली. ती त्या पोराला म्हणाली, तुझी आई येते का रे अशी? पोरगं लाजलं.

फुलं म्हणाल तर धुक्यात दहा पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. तेरड्याचा गुलाबी गालिचा फोटोत असतो तसा नाहीच दिसला, नुसतं पायाजवळचं दिसायचं. पण त्यामुळे एक झालं, आई वाकून वाकून जवळचंच बघायला लागली. पांढरे गेंद, आणि ती निळी बारकी असतात ना सीतेची आसवं, ती तिला चष्मा पुसून दाखवली. ही झाडं किड्यांना खातात म्हटल्यावर म्हणाली, एवढीशी? मग तिथेच कट्ट्यासारख्या दगडावर बसली आणि दशम्या काढल्या. मी म्हटलं इथे खाऊ देत नाहीत. तेवढ्यात तिथला राखणदार आलाच. पन्नाशीचा माणूस, आसपासच्याच गावातला असणार. म्हटला, आज्जी, हितं न्हाई, तिकडं गेटापाशी बसा. आणि मग काय वाटलं त्याला, आईबरोबर हळूहळू गेटापर्यंत चालत आला, तिच्या चालीने, आणि वाटेत दाखवत होता हे हे, ते ते.

एका ठिकाणी गोल गोल हिरवी झुडपं होती, उलट्या टोपल्या ठेवल्यासारखी. आई म्हणाली हे काय फुललंच नाही. तो म्हणाला ही टोपली कारवी आज्जी, ही सात वर्षांनी फुलती, सगळं पठार जांभळं करून टाकती. (@मुलुंडची_कारवी, तुमची आठवण आली. ही तुमच्या कारवीची बहीण असावी.) आई म्हणाली मग आता कधी? तो म्हणाला अजून चार-पाच वर्षं तरी थांबायला लागंल.

गेटापाशी बसून आम्ही तिघांनी दशम्या खाल्ल्या. चटणी त्याला फार आवडली, उरलेली आईने डब्यासकट देऊन टाकली. स्टीलचा डबा. माझी आई स्टीलचा डबा देऊन टाकते हे मी छेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

येताना घाटात बराच वेळ गप्प होती. मला वाटलं दमली, किंवा बाबांचं काहीतरी मनात आलं. मग बोगद्याच्या अलीकडे बोटांवर काहीतरी मोजायला लागली. म्हटलं काय गं. म्हणाली, पाच वर्षांनी मी चौऱ्याहत्तर. म्हटलं हो. म्हणाली, बसच्या त्या पायऱ्या फार उंच आहेत.

राजवाड्यापाशी आलो तेव्हा म्हणाली, त्या डॉक्टरचा नंबर आहे का तुझ्याकडे अजून? गुडघ्याचा? विचारून तरी ठेव काय घेतात ते.

---

एजंटकाका | पुढचा बुधवार, रात्री ११:२०

अभिनंदन. ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी मेडिक्लेमचा वेटिंग पिरियड संपलाय का ते बघा, गुडघ्याला बहुतेक पॉलिसीत दोन वर्षं असतो. व्यनि केलाय.

---

खवचटराव | पुढचा बुधवार, रात्री ११:२४

काका तुम्ही पण ना.